आजारी कुत्र्याची तुलना कुणाशी?

घरातला कुत्रा दहा-अकरा वर्षांचा झाला की त्याच्या तक्रारीही घरातल्या वडीलधाऱ्यांसारख्या होऊ लागतात. पाण्याचे भांडे दिवसातून तीन-चारदा भरावे लागते. रात्री लघवीसाठी तो दोनदा उठवतो. पोट सुटते, अंगावरचे केस विरळ होतात, जिना चढताना धाप लागते आणि भूक मात्र वाढलेली असते. पशुवैद्यकाकडे नेल्यावर तपासण्यांच्या यादीत एक नाव येऊ शकते : लघवीतील कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. रिपोर्ट येतो, आकडा छापील मर्यादेच्या वर असतो, पुढे ‘हाय’ असा शेरा असतो आणि त्या घरात ‘कुशिंग’ हा नवा शब्द शिरतो.

मी माणसांचा डॉक्टर आहे, तोही सरकारी रुग्णालयातला. कुत्र्यांच्या उपचारांबद्दल सल्ला देण्याचा अधिकार मला नाही आणि या लेखाचा तो हेतूही नाही. पण या एका तपासणीचे गुणदोष पशुवैद्यकांनी गेल्या चाळीस वर्षांत ज्या चिकाटीने तपासले, ते वाचताना आमच्या ओपीडीच्या टेबलावर रोज पडणारे कागद डोळ्यांसमोर येतात. ‘हाय’ म्हणजे कुणापेक्षा हाय, हा प्रश्न कुत्र्यांच्या डॉक्टरांनी विचारला. माणसांच्या रिपोर्टांबाबत आपण तो फारसा विचारत नाही.

आधी ही तपासणी काय मोजते ते पाहू. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल पाझरते, आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याची भावंडे. अंगावर संकट आले, मग ते भांडण असो, जखम असो, ताप असो वा उपासमार, की ही संप्रेरके वाढतात. अ‍ॅड्रिनॅलिनचे काम सेकंदांत सुरू होते, कॉर्टिसॉलचे काही मिनिटांत, आणि ते बराच वेळ चालते. रक्तातली साखर टिकवणे, रक्तदाब सांभाळणे, शरीराच्या स्वतःच्याच दाहावर लगाम ठेवणे ही कॉर्टिसॉलची कामे. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की थंडी, इजा, विष अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या आघातांना शरीर एकाच साच्याचा प्रतिसाद देते आणि त्यात अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगतात. आज आपण सहज ‘स्ट्रेस’ म्हणतो, त्या शब्दाचा वैद्यकातला प्रवास तिथून सुरू झाला. त्याच्या चार वर्षे आधी, १९३२ मध्ये, अमेरिकेतील मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या बारीक गाठींमुळे होणाऱ्या आजाराचे वर्णन केले होते. या आजारात संकट नसतानाही ग्रंथी कॉर्टिसॉल ओतत राहतात. माणसांत तो दुर्मीळ आहे. उतारवयातल्या कुत्र्यांत मात्र तो नेहमी आढळणाऱ्या संप्रेरकविकारांपैकी एक आहे, आणि तिथेही बहुतेकदा मूळ पिट्युटरीतल्या छोट्या गाठीतच असते.

म्हणजे एकच कॉर्टिसॉल दोन कारणांनी वाढते. एकदा शरीराला गरज आहे म्हणून, एकदा गरज नसताना. रिपोर्टवरचा आकडा या दोन्हींत सारखाच दिसतो.

मग रक्ताऐवजी लघवी का? कॉर्टिसॉल रक्तात सलग धारेने येत नाही, झटक्याझटक्याने येते. या मिनिटाला घेतलेला नमुना आणि अर्ध्या तासाने घेतलेला नमुना यांत बरीच तफावत असू शकते. त्यातून सुई टोचायला कुत्र्याला चौघांनी धरले, की त्या धरण्यानेच आकडा चढतो. लघवी मूत्राशयात कित्येक तास साठत असते. तिच्यात त्या तासांची सरासरी आपोआप उतरते आणि कुणाला टोचावे लागत नाही. अडचण एकच : पाणी जास्त प्यायलेल्या कुत्र्याची लघवी पातळ, कमी प्यायलेल्याची दाट. माणसांत आम्ही चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करायला सांगतो. कुत्र्याला कॅन देता येत नाही. (माणसांनाही ते धड जमत नाही, ही आमच्या वॉर्डातली जुनी रड आहे.) म्हणून क्रिएटिनिनचा आधार घेतात. स्नायूंतून निघणारे हे द्रव्य रोज साधारण ठरावीक प्रमाणात बाहेर पडते. कॉर्टिसॉलला क्रिएटिनिनने भागले, की पातळ-दाटपणाचा फरक बराचसा पुसला जातो.

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी १९८३ मध्ये कुशिंगच्या निदानासाठी लघवीतील या संप्रेरकांच्या मोजणीचा उपयोग दाखवून दिला. पुढे ही पद्धत जगभर गेली. निरोगी कुत्रे एका बाजूला आणि कुशिंग असलेले दुसऱ्या बाजूला ठेवले, तर दोन्ही गटांचे आकडे स्वच्छ वेगळे पडत. कुशिंगचा जवळजवळ प्रत्येक कुत्रा मर्यादेच्या वर असे. स्वस्त, सोपी, न टोचता होणारी आणि आजार सहसा न निसटू देणारी तपासणी. कुणालाही वाटावे, आणखी काय हवे?

पण दवाखान्यात निरोगी कुत्रा ‘कुशिंग आहे का पाहा’ म्हणून येत नाही. येतो तो आजारी कुत्रा. त्याला मधुमेह असेल, मूत्रपिंडे थकली असतील, यकृताचा विकार असेल, कुत्री असेल तर गर्भाशयात पू झाला असेल. अशांपैकी बरेच कुत्रे भरपूर पाणी पितात, भरपूर लघवी करतात आणि बाहेरून कुशिंगसारखेच दिसतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा तिसरा गट, म्हणजे कुशिंग नसलेल्या पण आजारी कुत्र्यांचा गट, तुलनेत आणला. चित्र पार बदलले. या तिसऱ्या गटातल्या बहुसंख्य कुत्र्यांचेही गुणोत्तर मर्यादेच्या वर निघाले. निरोगी कुत्र्यांशी ताडून पाहताना इतकी तीक्ष्ण वाटणारी तपासणी, एका आजाराला दुसऱ्या आजारापासून वेगळे काढताना बोथट ठरली.

तपासणीत यंत्राचा दोष काहीच नव्हता. मोजले ते बरोबर मोजले होते. आजारी शरीराने कॉर्टिसॉल वाढवायचेच असते, ते वाढले नाही तर तो जीव वाचत नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. लक्षणे असलेले शंभर म्हातारे कुत्रे आहेत. त्यांतल्या २० जणांना खरोखर कुशिंग आहे, ८० जणांना दुसरेच काही. तपासणी कुशिंगचे सगळे २० पकडते असे धरू. उरलेल्या ८० पैकी दर चारांतले तीन, म्हणजे ६०, आजारपणाच्या ताणामुळे वर जातात असेही धरू. एकूण ‘हाय’ रिपोर्ट ८०. त्यांत खरे कुशिंग २०. चार ‘हाय’ कागदांमागे एकच खरा. आता उरलेले २० ‘नॉर्मल’ कागद बघा. त्यांत कुशिंगचा एकही कुत्रा नाही. म्हणजे ही तपासणी ‘हो’ सांगते तेव्हा तिच्या शब्दाला फारसे वजन नाही आणि ‘नाही’ सांगते तेव्हा बरेच आहे. पशुवैद्यक तिचा उपयोग करतात तो मुख्यतः असाच. आकडा नॉर्मल आला, तर कुशिंगचा विचार मागे ठेवतात. वर आला, तर डेक्सामेथासोन देऊन कॉर्टिसॉल दबते का हे पाहणारी किंवा तशी दुसरी तपासणी करतात. त्या पुढच्या तपासण्याही गंभीर आजारात फसू शकतात, हेही त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. म्हणून आधी अंगावरचा दुसरा आजार बरा किंवा आटोक्यात आणा, मग कुशिंगच्या तपासण्या करा, असा शहाणा क्रम त्यांनी लावला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. उट्रेख्तच्याच डॉक्टरांनी १९९८ मध्ये एक साधा प्रश्न घेतला : दवाखान्याची भेट हाच ताण असेल तर? घरातल्या पाळीव, धडधाकट कुत्र्यांची लघवी घरी घेतली आणि दवाखान्यातल्या तपासणीनंतर, मुक्कामानंतर पुन्हा घेतली. आकडे वाढले, काहींचे तर मर्यादा ओलांडून गेले. निरोगी कुत्रा, फक्त जागा बदलली. त्यामुळे या तपासणीची लघवी घरीच घ्यावी, दवाखान्याच्या भेटीनंतर काही दिवस जाऊ द्यावेत आणि लागोपाठ दोन दिवस सकाळची पहिली लघवी घ्यावी, असा रिवाज पडला. सकाळी फिरायला नेताना स्वच्छ धुतलेले, कोरडे, पसरट भांडे लांब दांडीला बांधून पुढे धरायचे. दोन-तीन चमचे लघवी पुरते. शेजारचे हसतील, हसू द्यावेत. तिथेच पिंजऱ्यात ठेवून घेतलेल्या नमुन्यापेक्षा हा नमुना कितीतरी जास्त खरे सांगतो.

अ‍ॅड्रिनॅलिनच्या बाबतीतही तसेच झाले. ग्रंथीच्या गाभ्यात क्वचित होणारी एक गाठ, फिओक्रोमोसायटोमा, ही अ‍ॅड्रिनॅलिन आणि तिची भावंडे भसाभस सोडते. तिच्या निदानासाठी लघवीतील ही द्रव्ये आणि त्यांचे अवशेष मोजता येतात. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या पशुवैद्यकांनी २००७ पासून त्यावर लागोपाठ काम केले. आधी निरोगी कुत्र्यांच्या घरच्या आणि दवाखान्यातल्या लघवीची तुलना केली. मग कुशिंगचे कुत्रे घेतले. पुढे अ‍ॅड्रिनलशी संबंध नसलेले, पण इतर आजार असलेले कुत्रेही घेतले. कुशिंगच्या कुत्र्यांतही यातली काही द्रव्ये निरोगी कुत्र्यांपेक्षा वाढलेली निघाली. मग त्यांनी पाहिले, की नॉरमेटानेफ्रिन हा अवशेष सर्वांत उपयोगी आहे, आणि तोही निरोगी कुत्र्यांच्या कमाल आकड्याच्या चौपट पलीकडे गेला तर गाठीचा संशय घट्ट धरावा. थोडा वाढला, तर नाही. ‘नॉर्मलपेक्षा जास्त’ एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही, ‘दुसऱ्या आजाऱ्यांपेक्षा जास्त’ आहे का, हे पाहिले.

यात धोका कुठे आहे ते सांगतो. कुशिंगवर दिली जाणारी औषधे कॉर्टिसॉल कमी करतात. ट्रायलोस्टेन ते बनू देत नाही, मायटोटेन तर ग्रंथीचा तो थरच मारते. खऱ्या कुशिंगमध्ये या औषधांनी कुत्र्याला चांगले दिवस येतात. पण ज्या कुत्र्याचे कॉर्टिसॉल मूत्रपिंडाच्या आजाराशी झुंजण्यासाठी वाढले आहे, त्याला हीच औषधे दिली, तर त्याच्या हातातली काठी आपण काढून घेतो. उलट्या, जुलाब, ग्लानी, रक्तदाब कोसळणे आणि वेळीच लक्षात आले नाही तर मृत्यू. चुकीच्या ‘हाय’ची किंमत कागदावर राहत नाही.

माणसांच्या वैद्यकात हा सापळा नवा नाही. १९६५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सीईए नावाचे प्रथिन सापडले. रक्तातल्या त्याच्या मोजणीचे सुरुवातीचे निष्कर्ष असे होते, की आता हा कर्करोग रक्ताच्या थेंबात दिसणार असे लोकांना वाटले. पुढे तेच प्रथिन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या आजारात, इतर कर्करोगांतही वाढलेले दिसले, आणि सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगात पुष्कळदा वाढलेले दिसेना. १९७८ मध्ये रॅन्सोहॉफ आणि फाइन्स्टाइन या दोघांनी एका गाजलेल्या लेखात ही चूक नेमकी पकडली. नवी तपासणी ठळक आजारी आणि ठणठणीत निरोगी या दोनच टोकांवर पारखली, तर ती हमखास चांगली दिसते. खरी परीक्षा मधल्या माणसांवर होते, म्हणजे सौम्य आजार असलेल्यांवर आणि तसेच दिसणारे दुसरे आजार असलेल्यांवर. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा लेख वाचायला लावायला हवा. आम्ही त्यांच्याकडून तपासण्यांची नावे आणि मर्यादा पाठ करून घेतो, आणि मर्यादा कुणाच्या रक्तावर ठरली हे विचारतच नाही.

आपल्याकडचे सर्वांत ओळखीचे उदाहरण विडालचे. ताप आला, तिसऱ्या दिवशी विडाल, ‘पॉझिटिव्ह’, म्हणजे टायफॉइड, म्हणजे सलाइन आणि अँटिबायोटिक. ही तपासणी १८९६ची आहे आणि ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धची प्रतिपिंडे मोजते. जिथे टायफॉइड घरोघर होऊन गेलेला असतो, जिथे पूर्वीच्या संसर्गाच्या किंवा लसीच्या खुणा रक्तात असतात, तिथे धडधाकट माणसाचीही विडाल थोडीफार वर असू शकते. दुसऱ्या तापातही ती वर जाते. पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांच्या पिशवीत दोन-दोन वर्षांचे ‘टायफॉइड’चे कागद असतात. ‘डॉक्टर, मला दर वर्षी टायफॉइड होतो,’ असे ते मनापासून सांगतात. रक्ताचे कल्चर एकदाही झालेले नसते.

याहून वाईट प्रकार क्षयाच्या रक्ततपासण्यांचा झाला. प्रतिपिंडे मोजून क्षयाचे निदान करू म्हणणारे किट देशभर विकले जात होते. निदान धड होत नव्हते. क्षय नसलेल्यांना सहा महिन्यांची औषधे आणि क्षय असलेल्यांना ‘नॉर्मल’चा दिलासा, असे दोन्हीकडून नुकसान होत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या तपासण्या वापरू नका असे स्पष्ट सांगितले, आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. तपासणी बंद करण्याचे असे निर्णय फार थोडे होतात, म्हणून तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. तोवर किती गरीब घरांनी त्या कागदासाठी पैसे मोजले, त्याचा हिशेब कुणी लावणार नाही.

आता पुन्हा कॉर्टिसॉलकडे. गेल्या काही वर्षांत ते ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांत येऊन बसले आहे. थकवा, झोप नाही, वजन वाढते, केस गळतात अशी तक्रार घेऊन तरुण मुले-मुली स्वतःच ही तपासणी करून येतात. नोकरीतल्या ताणाचा पुरावा त्यांना रक्तात हवा असतो. कॉर्टिसॉल वर आले तर ‘स्ट्रेस हाय’, खाली आले तर ‘अ‍ॅड्रिनल फटीग’. हा दुसरा शब्द इंटरनेटवर फार चालतो. २०१६ मध्ये त्यावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला गेला. असा आजार असल्याचा पुरावा सापडला नाही. माणसांत कॉर्टिसॉल सकाळी चढलेले आणि रात्री उतरलेले असते. त्यामुळे कोणत्या वेळी रक्त घेतले हे माहीत नसेल, तर त्या आकड्याला अर्थच उरत नाही. नैराश्य, दारूचे व्यसन, अनियंत्रित मधुमेह, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या अशा कितीतरी गोष्टींनी तो वर जातो. म्हणून संप्रेरकतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की लक्षणांवरून कुशिंगचा रास्त संशय असेल तरच तपासा, आणि तेव्हाही सुटे कॉर्टिसॉल नको. रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी किंवा डेक्सामेथासोनची तपासणी यांपैकी घ्या, आणि एका निकालावर विसंबू नका.

एक विचित्र गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्या ओपीडीत दिसणाऱ्या कुशिंगच्या चेहऱ्यांत, म्हणजे गोल सुजलेला चेहरा, पोटावर जांभळे चट्टे, पातळ झालेली कातडी यांत, बहुतेकांच्या ग्रंथींचा काही दोष नसतो. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या, गोरेपणासाठी वर्षानुवर्षे चोळलेली स्टेरॉइडची मलमे, गुडघेदुखीवरच्या नाव नसलेल्या पुड्या, हे त्यामागे असते. अशा माणसाचे स्वतःचे कॉर्टिसॉल मोजले तर पुष्कळदा ते कमी निघते, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्याने ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. कागद म्हणतो ‘लो’, आणि समोर बसलेला माणूस कुशिंगचा. त्यातून घाबरून त्याने पुडी एकदम बंद केली, तर जिवावर बेतते. इथे ‘कोणकोणती औषधे घेता, पिशवी उलटी करून दाखवा’ हा प्रश्न कोणत्याही लॅबपेक्षा जास्त सांगतो.

लॅबचालकांकडून माझी मागणी मोठी नाही. संप्रेरकांच्या रिपोर्टवर नमुन्याची वेळ छापावी आणि ही मर्यादा निरोगी व्यक्तींवरून ठरवली आहे, आजारपणात ती लागू होत नाही, एवढी ओळ घालावी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कॉर्टिसॉल पॅकेजांत विकू नये. आम्ही डॉक्टरांनीही तपासणीच्या फॉर्मवर ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा सोडू नये. पशुवैद्यकांकडे एक विनंती आहे. कुत्र्यांच्या लघवीतल्या या संप्रेरकांवरचे मी वर सांगितलेले काम युरोप-अमेरिकेतल्या कुत्र्यांवर झाले आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या कुत्र्याला गोचिडांतून होणारे ताप सर्रास असतात, आणि तो रिपोर्ट येतो तेव्हा अंगात असा एखादा ताप मुरलेला असू शकतो. परळच्या, शिरवळच्या, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या कुत्र्यांचे तीन गट करून, म्हणजे निरोगी, कुशिंगचे आणि इतर आजारांचे, घरी घेतलेल्या लघवीवर हे आकडे मोजावेत. यंत्रे मोठी लागत नाहीत. कुत्र्यांचे मालक भांडे घेऊन उभे राहायला तयार होतील, याची मला खात्री आहे.